बाई, ते यंत्र माझ्या हातानं गेलं

बाई,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. तेराव्याला अनिलनं, तुमच्या भाच्यानं, मला बोलायला उभं केलं होतं. मी माईक सरळ केला, दोनदा फुंकर मारून बघितली, आवाज येतोय म्हणून सांगितलं आणि खाली येऊन बसलो. लोकांना वाटलं, व्यंकटला भरून आलं. भरून आलं होतं हे खरं, पण मी गप्प राहिलो ते त्यामुळं नाही. समोर हिमायतनगरहून आलेली रुक्मिण बसली होती, तुमची शेवटची विद्यार्थिनी. तिच्यासमोर तुमच्याबद्दल चांगलं बोलायचं आणि एक गोष्ट पोटात ठेवायची, हे मला जमेना. ती गोष्ट आधी तुम्हाला सांगायला पाहिजे होती. सात महिने होते माझ्याकडं. रोज तुमच्या गल्लीवरून जात होतो.

कुठून सुरू करू ते कळत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "षड्जापासून कर, व्यंकट."

मी पाचवीत होतो. आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही नव्या आला होता. प्रार्थनेला सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडायचो. तुम्ही आठवडाभर ऐकून घेतलं आणि एका दुपारी मला वर्गाबाहेर बोलावलं. मला वाटलं, छडी. तुम्ही म्हणालात, "तुझ्या गळ्याला काही इलाज न्हाई. पण दुसऱ्याचं चुकलं की तू तोंड वाकडं करतोस, ते मी बघून राहिले. म्हणजे तुला कळतं. इकडं ये." आणि शाळेची पेटी माझ्यासमोर ठेवली. तिची एक पट्टी दाबली की खालीच बसायची, वर यायची नाही. तुम्ही पदराच्या टोकाला बांधलेला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. "उघड. मोडली तर मोडली, शाळेची हाय."

आयुष्यात पहिला स्क्रू मी तुमच्यासमोर काढला. आत झुरळाचा पंख अडकला होता. तो काढला, पट्टी वर आली, आणि तुम्ही मला तो सूर दहा वेळा वाजवायला लावला. पुढं बारावी, लातूरला आयटीआय, मग अहमदपूरला एसटी स्टँडासमोर दुकान. मोबाईल, मिक्सर, लग्नातले अँप्लिफायर, भजनी मंडळाच्या पेट्या. लोक विचारतात, हे कुणाकडून शिकलास. मी आयटीआयचं नाव सांगतो. तुमचं सांगायला पाहिजे होतं.

हिमायतनगरच्या शाळेतून तुम्ही रिटायर झालात आणि अहमदपूरला मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर राहायला आलात. एक दिवस दुकानात येऊन उभ्या राहिलात. मी ओळखलं नाही. तुम्ही काउंटरवर बोटांनी तीनताल धरलात आणि मी उठून उभा राहिलो.

तोवर तुमचे कान गेले होते. डाव्यानं निम्मं, उजव्यानं त्याहून थोडं बरं. लातूरच्या डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं होतं. त्यानं माणसांचं बोलणं कळायचं, पण गाणं फाटायचं. तंबोरा लावला की मशीन शिट्टी मारायचं. डॉक्टरच म्हणाले होते, हे बोलण्यासाठी बनवलेलं असतं, गाण्यासाठी नाही. त्या दिवसांत तुम्ही गाण्याचं नावच काढत नव्हता. खिडकीत बसून भाजी निवडत राहायचा.

मग अनिलनं जर्मनीहून येताना ते हेडफोन आणले. त्या कंपनीचं नाव तुम्हाला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही, म्हणून तुम्ही त्याला नुसतं यंत्र म्हणायचात. लाकडाच्या दोन वाट्या, मागून जाळी, आणि कानाला लागणारा भाग मऊ चामड्याचा. माझ्या दुकानात सगळ्या जातीचे हेडफोन येऊन गेलेत, पण तसली वस्तू मी हातात घेतली नव्हती. अनिलनं स्वतःसाठी घेतले होते. त्यानं ते सहज तुमच्या डोक्यावर चढवले आणि फोनवर तंबोऱ्याचा आवाज लावला. तुम्ही दोन्ही हातांनी वाट्या कानाला घट्ट धरल्यात. थोड्या वेळानं डोळे पुसलेत आणि म्हणालात, "पंचम थोडा उतरलाय." अनिल ते यंत्र परत घेऊन गेला नाही.

त्यानंतर तुमचं घर परत गजबजलं. माणसांनी नाही, फोननं. जुन्या विद्यार्थिनी गाणं रेकॉर्ड करून पाठवायच्या, तुम्ही यंत्र लावून ऐकायचा आणि मग फोन करून एकेकीची खरडपट्टी काढायचा. त्यात रुक्मिण सगळ्यांत पुढं. वडील रिक्षा चालवतात, आई अंगणवाडीत. तुम्ही हिमायतनगर सोडलंत तेव्हा ती आठवीत होती, आता कॉलेजला. एकदा मी तुमच्याकडं प्लगचं काम करत होतो. तुम्ही तिचं गाणं मिनिटभर ऐकलंत आणि फोन लावलात. "रुक्मिण, तुला सर्दी हाय अन् तू सांगितली न्हाई. नाक मोकळं झाल्याबिगर पाठवू नको." पलीकडून ती "हाव बाई" म्हणाल्याचं मला ऐकू आलं. मी ते रेकॉर्डिंग माझ्या इयरफोनवर ऐकलं. मला त्यात सर्दी-बिर्दी काही सापडली नाही.

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, "बाई, हेडफोन म्हणजे काय असतं? एक चुंबक, एक कॉईल, एक पडदा. सगळ्यांत तेच असतं. फरक लाकडाचा अन् नावाचा."

तुम्ही म्हणायचा, "मग पेटीत बी सगळ्या पितळेच्या सूरपट्ट्याच असतात की. जा, बाजारातली कुठली बी पेटी आण अन् मला दे."

"पेटी वेगळी."

"काय वेगळी? सांग की. आयटीआय झालाय ना तुझा?"

मी मुद्दाम वाद वाढवायचो, कारण वाद झाला की तुम्ही चहा टाकायचा.

पुढं अनिलनं फोनवर सांगितलं की कंपनीनं ते मॉडेल बंद केलं. तेव्हाही तुम्ही हसलात. "करणारच. माझी तरी जागा कुठं भरली परत? मी रिटायर झाले अन् त्या शाळेत संगीताला बाईच आली न्हाई. माझं बी मॉडेल बंदच हाय." मी हसलो. यंत्र चालू होतं, म्हणून हसलो.

श्रावणात डाव्या बाजूनं खरखर यायला लागली. तुम्ही ते पंच्यात गुंडाळून दुकानात आणलंत. नाजूक वस्तू तुम्ही नेहमी पंच्यातच आणायचा. म्हणालात, "नुसतं बघ. उघडू नको. अनिलनं हैदराबादचा एक माणूस सांगितलाय, तो असलीच कामं करतो. पोळा झाला की जाऊ." मी म्हणालो, बघतो.

बाई, मी नुसतं बघितलं नाही.

मला वाटलं, हैदराबादचा कोण तो माणूस, अन् मी कोण? तुमच्याच हातचा शिकलेला मी. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी वाटी उघडली. आत पडद्याच्या कडेला कॉईलची तार येऊन चिकटली होती, केसाहून बारीक. मला तिथला सांधा सुटल्यासारखा वाटला. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न माझ्याकडं होतं, पण त्याचं टोक झिजलेलं. नवं टोक लातूरहून आणायचं राहिलं होतं. टेबलावर अँप्लिफायरचं मोठं आयर्न तापलेलं होतं. मी मनात म्हटलं, नुसतं टेकवायचंय. टेकवलं. तार दिसेनाशी झाली. आणि तिच्यामागचा पडदा, तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा, एका जागी गोळा झाला.

नंतर शांत डोक्यानं तपासलं तेव्हा कळलं, सांधा सुटलेलाच नव्हता. बिघाड बाहेरच्या वायरमध्ये होता. नुसती वायर बदलली असती तर खरखर गेली असती. असलं काम मी दिवसातून चार वेळा करतो.

दोन दिवस मी तुमच्याकडं आलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच आलात. मी यंत्र समोर ठेवलं आणि म्हणालो, "बाई, आतली कॉईल गेलीय. जुनी झाली होती."

तुम्ही ते हातात घेतलंत. वाटी नाकाजवळ नेऊन वास घेतलात. जळाल्याचा वास होता, मला माहीत होतं. माझ्याकडं बघून तुम्ही सरळ विचारलंत, "तुझ्या हातानं झालं का रे?"

आवाजात राग नव्हता. शाळेत फळा कुणी पुसला ते विचारावं तसं विचारलंत. मी "हाव" म्हणालो असतो तर तुम्ही दोन दिवस बोलला नसता, तिसऱ्या दिवशी चहा टाकला असता. एवढंच झालं असतं. मी म्हणालो, "न्हाई बाई. उघडलं तवाच गेलेली होती."

तुम्ही "बरं" म्हणालात. यंत्र पंच्यात गुंडाळलंत. पायऱ्या उतरताना एकदा थांबलात आणि म्हणालात, "मग आता?"

"भाग असल्याबिगर हैदराबादचा माणूस बी काय करणार? मी कंपनीला लिहितो. सुटा भाग मागवतो."

त्या दिवसापासून मी लिहीत राहिलो. इंग्रजी मला येत नाही. फोनमध्ये मराठी बोलायचो, तो इंग्रजी करून द्यायचा. कंपनीचं उत्तर आलं, मोठं अदबीचं. मॉडेल बंद झालंय, भाग शिल्लक नाहीत, आमचं नवं मॉडेल वापरून बघा. मी परत लिहिलं, एकच पडदा द्या. परत तेच उत्तर. शोधता शोधता इंटरनेटवर एक यादी सापडली. ते मॉडेल पुन्हा काढा म्हणून देशोदेशीच्या लोकांनी त्यात नावं घातली होती. मी माझं घातलं, तुमचं घातलं, रुक्मिणीचं घातलं. कंपनीनं एकदा त्या लोकांना कळवलं की तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलंय. ते मी तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा जणू ऑर्डर निघाल्यासारखा माझा आवाज होता.

दिवाळीत अनिलनं नवं मॉडेल पाठवलं. तुम्ही ते लावून रुक्मिणीचं गाणं ऐकलंत. मी समोर बसलो होतो. मला वाटलं, सुटलो. तुम्ही ते काढून मांडीवर ठेवलंत. "गोड लागतंय रे," म्हणालात. "सगळंच गोड लागतंय. पोरीची चूक बी गोड लागतीय. ह्याच्यावर काय शिकवू मी तिला?"

मग रुक्मिणीला समोर बसवून बघितलं. ती दोनदा हिमायतनगरहून एसटीनं आली. कानातलं मशीन शिट्ट्या मारत राहिलं, तुम्ही तिच्या तोंडाजवळ कान नेलात, आणि शेवटी म्हणालात, "राहू दे बेटा. मला तुझा नुसता वारा ऐकू येतोय."

ती गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "व्यंकट, खरं सांग. यंत्र होणार न्हाई असं असंल तर मी हिला नांदेडच्या सरांकडं पाठवते. ते चांगले हायत. पोरीचं वय चाललंय."

तेव्हा मी म्हणालो, "होईल बाई. थांबा."

का म्हणालो? ती दुसरीकडं गेली असती तर तुमच्याकडं काही उरलं नसतं, आणि ते माझ्यामुळं झालं असतं. यंत्र आलं की सगळं पुसलं जाणार होतं. मग तुम्हाला कधी काही सांगायची गरज पडली नसती. मला यंत्र तुमच्यासाठी पाहिजे होतं, हे खरं. पण त्याहून जास्त मला ते माझ्यासाठी पाहिजे होतं, हेही खरं.

संक्रांतीनंतर मी हैदराबादला गेलो. तुम्हाला सामान आणायला जातो म्हणालो. त्या यादीत एक अन्वरसाहेब सापडले होते, सत्तरीचे, नोकरीतून निवृत्त, जुन्या शहरात राहणारे. त्यांच्याकडं तेच मॉडेल चालू होतं. ते म्हणतील ती किंमत द्यायच्या तयारीनं मी गेलो होतो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "देने का सवालच नै है भाई. मेरी बेगम गुजर गई, उसकी आवाज इसमेंच सुनता मैं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "सुनना है तो सुन लो."

मी माझ्या फोनमधलं रुक्मिणीचं रेकॉर्डिंग लावलं. बाई, मी पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं मी वाद घालत होतो, चुंबक, कॉईल, पडदा. ती गायला लागण्याआधी घोट गिळते, ते ऐकू आलं. वरच्या निषादाला जाताना ती घाबरते, ते ऐकू आलं. लांब कुठंतरी तिची आई भांडी लावत होती. मला गळा नाही, तरी मला कळलं की या पोरीला फक्त कुणीतरी "घाबरू नको" म्हणायला पाहिजे. ते तुम्ही दर आठवड्याला म्हणत होता. मी ते बंद पाडलं होतं. मी अन्वरसाहेबांच्या घरात, अनोळखी माणसासमोर, तोंड झाकून रडलो. त्यांना वाटलं, माझं कुणी गेलंय.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं, अहमदपूरला उतरलो की सरळ तुमच्याकडं जायचं आणि सांगायचं. उतरलो. दुकान उघडलं. दोन गिऱ्हाइकं उभी होती.

माघाच्या शेवटी तुम्हाला ताप आला आणि तो छातीत गेला. लातूरला दवाखान्यात नेलं. अनिलला यायला चार दिवस लागणार होते, म्हणून तुमच्यापाशी मी होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क थोडा वेळ काढला तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"कंपनीचं काय झालं?"

त्या आठवड्यातच कंपनीचं उत्तर आलं होतं. साचेच मोडीत काढलेत, त्यामुळं ते मॉडेल पुन्हा काढण्याचा विचार नाही. अगदी स्वच्छ लिहिलं होतं. तुमचा चेहरा बघून मी म्हणालो, "चालू करून राहिलेत बाई. पाडव्यापर्यंत येईल."

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं, समाधान वाटलं. मग म्हणालात, "असं असंल तर रुक्मिणीला कळव. ह्या वर्षी गाण्याच्या परीक्षेचा फॉर्म भरू नको म्हणावं. यंत्र आलं की मी नीट तयारी करून घेते. कच्ची जाऊ नको म्हणावं."

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन तिला फोन केला. तुमचाच निरोप, तुमच्याच शब्दांत दिला. ती "हाव काका" म्हणाली. फॉर्म भरायची मुदत चार-पाच दिवसांत संपणार होती.

मुदत संपली, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मी कँटीनमध्ये होतो. परत आलो तर नर्स तुमच्या कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवत होती. मी तुमच्या अंगावरची चादर सारखी केली. पाय उघडे होते, ते झाकले. बोलायचं सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण कानात मशीनसुद्धा नसलेल्या तुमच्याशी काय बोलणार?

परवा, सोळाव्या दिवशी, मी हिमायतनगरला गेलो. रुक्मिणीचं घर शोधलं. तिची आई अंगणवाडीत गेली होती, वडील रिक्षावर. ती ओसरीत अभ्यास करत होती. मी बसलो, पाणी प्यायलो आणि सगळं सांगितलं. आयर्न, पडदा, तुमचा प्रश्न, माझं उत्तर, कंपनीचं शेवटचं पत्र, फॉर्म. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "बाईंनी तुम्हाला विचारलं होतं?"

"हाव."

"अन् तुम्ही न्हाई म्हणले?"

"हाव."

ती वहीची पानं नुसतीच उलटत राहिली. मला वाटलं, परीक्षेबद्दल बोलेल, वर्ष गेलं म्हणेल. ती म्हणाली, "काका, मी दर आठवड्याला गाणं पाठवून राहिले. यंत्र बिघडलं हे मला ठाऊक होतं. पण बाई मला रागवायच्या बंद झाल्या. नुसतं म्हणायच्या, बरं हाय, ठेव. मला वाटलं, आता मी रागवायच्या बी लायकीची राहिले न्हाई."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, बाई. मी सात महिने तुमचं दुःख बघत होतो आणि माझं. ह्या पोरीला तुमचं गप्प राहणं घरी बसून एकटीनं सोसावं लागलं, हे मला एकदाही सुचलं नाही.

मी म्हणालो, "बेटा, माफ कर."

"मी करून काय होतंय. ज्यांनी करायचं त्या गेल्या." ती आत गेली. मला वाटलं, जा म्हणतेय. मी चप्पल घालत होतो तेवढ्यात ती दारात आली. "मला नांदेडच्या सरांकडं घेऊन चला. अन् तिथं तुम्हीच सांगा सगळं. मी सांगायला गेले तर बाईंवर यायचं, की बाईंनीच पोरीचं वर्ष घालवलं."

काल आम्ही गेलो. ती हिमायतनगरहून आली, मी अहमदपूरहून, नांदेडच्या स्टँडवर भेटलो. सर तुमच्याच वयाचे असतील. मी त्यांच्यासमोर खाली बसून पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. ते ऐकत होते. मग म्हणाले, "सुमनबाईंनी मला दिवाळीत फोन केला होता. एक पोरगी पाठवते म्हणाल्या. चारच दिवसांनी परत फोन. थांबा सर, यंत्र दुरुस्त व्हायलंय, माझी पोरगी माझ्याकडंच राहू द्या. इतक्या खुशीत होत्या, मला त्यांचं बोलणं नीट कळेना." माझ्याकडं न बघता त्यांनी रुक्मिणीला विचारलं, "काय गातेस?"

तिनं तंबोरा लावला. मी उठून बाहेर चपलांपाशी जाऊन बसलो. आतून तिचा आवाज आला. पहिल्याच ओळीत सरांनी तिला थांबवलं. ती परत गायली, परत थांबवलं. चार वेळा. पाचव्यांदा ते चांगलेच चिडले आणि मोठ्यानं म्हणाले, "कुणी शिकवलं तुला असं घाबरून गायला?" मी दाराच्या फटीतून बघितलं. रुक्मिणीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. किती महिन्यांत तिला कुणी असं रागावलं नव्हतं.

सर तिला शिकवणार आहेत. आठवड्यातून दोनदा यायचं, परीक्षा पुढच्या वर्षी. परत येताना स्टँडवर तिनं मला नमस्कार केला नाही. "येते" म्हणाली आणि तिच्या बसमध्ये चढली. बरं वाटलं. नमस्कार केला असता तर मला सहन झालं नसतं.

अनिल जायच्या आधी तुमचं यंत्र मला देऊन गेला. म्हणाला, तूच ठेव, तू त्याच्यासाठी खूप धावपळ केलीस. त्यालाही मी काल रात्रीच्या फोनवर सांगितलं. "ठीक आहे, व्यंकट" म्हणून त्यानं फोन ठेवला. ते ठीक आहे कशाला होतं, ते मी विचारलं नाही.

आज सकाळी दुकान उघडून मी पुन्हा कंपनीला पत्र लिहिलं. मला माहीत आहे, साचे मोडलेत. रुक्मिणीला आता त्या यंत्राची गरज नाही, सर तिच्यासमोर बसून ऐकतात. तुम्ही नाही. तरी हात थांबत नाहीत. आजवरच्या पत्रांत मी एक संगीतप्रेमी ग्राहक म्हणून लिहीत होतो. आज पहिल्यांदा खरं लिहिलं. अहमदपूरला एक बाई होत्या, त्यांचं यंत्र मी माझ्या हातानं जाळलं, त्यांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालो, आणि त्या गेल्या. आता तुम्ही ते एक तरी बनवा. एकच.

फोननं त्याचं इंग्रजी केलं, मी पाठवून दिलं. ते लोक अदबीचे आहेत, उत्तर देतील. आलं तर मी ते कुणाला वाचून दाखवू, बाई?

तुमचा,
व्यंकट